नोकरी सांभाळून पदवी: प्रवेश घेण्याआधी नक्की काय विचारायचं?

फिरतीपाळी

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय. शाळेनंतर पदविका केली आणि थेट कामाला लागलो. आता चाळिशी आली. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम, पाळ्या फिरत्या, सुट्टीचा वारही दर महिन्याला बदलतो. वरच्या पदासाठी पदवी लागते, म्हणून शोधाशोध चालू आहे.

अडचण अशी की सगळी माहितीपत्रकं एका छापाची. ‘लवचिक’, ‘नोकरदारांसाठी खास’, ‘तुमच्या सोयीने’. ज्यांनी नोकरी करत शिक्षण घेतलंय किंवा अशा ठिकाणी शिकवलंय त्यांनी सांगा: विद्यापीठाला फोन करून काय विचारायचं? जुन्या पदविकेचा काही उपयोग होतो का? आणि आठवड्याचे खरे तास किती जातात? ‘इच्छा असली की सगळं जमतं’ छाप प्रतिसाद कृपया नकोत. इच्छा आहे, वेळ नाही.

शाईचाडाग

माझीही हीच गत. वाचनखूण साठवली आहे.

जुनीखिडकी

एका मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

नोकरदारांसाठी बनवलेला कार्यक्रम वेगळा आणि नोकरदारांवर भागवलेला कार्यक्रम वेगळा. दुसऱ्या प्रकारात दिवसाचा वर्ग उचलून संध्याकाळी नाहीतर पडद्यावर नेऊन ठेवतात. अभ्यासक्रम तोच, उपस्थितीचा नियम तोच, प्राध्यापकही तेच, फक्त दमलेले. पहिल्या प्रकारात विद्यार्थी कधीतरी अडकणार, महिनाभर दिसणार नाही आणि मग परत येणार, हे धरूनच नियम लिहिलेले असतात. हा फरक माहितीपत्रकात दिसत नाही, परीक्षेच्या नियमावलीत दिसतो. म्हणून आधी ती मागा. द्यायला खळखळ केली तर तेही उत्तरच समजा.

फोनवर एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: ‘सत्राच्या मध्यावर मला पंधरा दिवस काहीच जमलं नाही, तर काय होतं?’ ‘काळजी करू नका, आमचे सर समजून घेतात’ असं उत्तर आलं की सावध व्हा. समजून घेणारे सर पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. गृहपाठाला किती दिवसांची मुदतवाढ, ती कोण देतं, सत्र गोठवता येतं का, गोठवलं तर भरलेलं शुल्क आणि मिळवलेले गुण पुढे धरतात का, पदवी पूर्ण करायला जास्तीत जास्त किती वर्षं, अशी ठोस उत्तरं यायला हवीत.

हे सगळं काही काल-परवा सुरू झालेलं नाही. लंडनमध्ये १८२३ साली कारागिरांसाठी संध्याकाळच्या वर्गांची संस्था निघाली, तीच पुढे बर्कबेक महाविद्यालय झाली. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा बाहेर शिकणाऱ्यांना खुल्या केल्या. कुठे शिकलात हे विचारत नाही, पेपर द्या आणि पदवी न्या. त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट, पण शिकवण्याचं काय, तर ते तुमचं तुम्ही बघा. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी आले. तिथे पूर्वशिक्षणाची अट काढून टाकली, पण गृहपाठ तपासून त्यावर सविस्तर लिहून देणारा शिक्षकही प्रत्येकाला दिला. टीव्हीवरची व्याख्यानं जास्त गाजली. माझ्या मते खरं काम केलं ते त्या समासातल्या शेऱ्यांनी. भारतात आंध्र प्रदेशचं मुक्त विद्यापीठ १९८२ चं, इग्नू १९८५ चं आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. या सगळ्यांनी दूरशिक्षणाचा हाच धागा आपापल्या ऐपतीप्रमाणे पुढे नेला.

तेव्हा दुसरा प्रश्न: गृहपाठ कोण तपासतं, किती दिवसांत परत येतो आणि गुणांच्या आकड्याशिवाय त्यावर काही लिहिलेलं असतं का?

आकडेमोड

तासांचं मी सांगतो. विद्यापीठ क्रेडिटमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या भाराच्या मापात बोलतं, आपण ते तासांत उतरवायचं. भारतात दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास. युरोपच्या पद्धतीत २५ ते ३०. ब्रिटनमध्ये १० तास, पण तिथे पदवीला क्रेडिटही ३६० लागतात. अमेरिकेत वर्गातला एक तास आणि बाहेरचे दोन, असे साधारण १५ आठवडे, म्हणजे क्रेडिटमागे ४५ तास.

गुणाकार करून बघा. भारतातली तीन वर्षांची पदवी नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत किमान १२० क्रेडिटची, म्हणजे ३६०० तास. ब्रिटनची ३६०० तास. युरोपातली १८० क्रेडिटची पदवी ४५०० ते ५४००. अमेरिकेतली १२० क्रेडिटची ५४००. पद्धती वेगवेगळ्या, पण साडेतीन हजारांच्या खाली कोणीच नाही.

आता ‘एका वर्षात पदवी’ची जाहिरात घ्या. ३६०० भागिले ५२, आठवड्याला ६९ तास. नोकरीचे तास वेगळेच. जुनं शिक्षण धरून घेत असतील तर गोष्ट वेगळी, नाहीतर त्या संस्थेत एक तर अभ्यास नाही किंवा पदवी नाही.

उलट बाजूने बघू. वर्षाला ६०० तासांचा अभ्यास घेतला आणि सत्रांचे एकूण ३६ आठवडे धरले, तर आठवड्याला साधारण १७ तास. या वेगाने पदवीला सहा वर्षं. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात अर्धवेळ पदवीला सहा वर्षं सांगतात ती याच हिशेबाने. सतरा तास जड वाटत असतील तर पहिल्या सत्रात एकच विषय घ्या. पूर्ण भार घेणं सक्तीचं आहे का, हा फोनवरचा तिसरा प्रश्न.

फिरतीपाळी

@आकडेमोड, ६९ तासांचा हिशेब वाचून दोन माहितीपत्रकं लगेच केराच्या टोपलीत गेली, धन्यवाद. सहा वर्षं ऐकून मात्र पोटात गोळा आला. तोवर माझं वय किती होईल?

दुसरीघंटा

तेवढंच होईल जेवढं पदवी न करता झालं असतं. ;-)

उलटतपासणी

थोडा विरोधी सूर लावतो. मी माणसं नेमतो. अर्जदाराकडे पाच-सहा वर्षांचं चांगलं काम आणि नेमक्या विषयातली दोन प्रमाणपत्रं असतील तर मला पदवीचं फारसं कौतुक नाही. सहा वर्षं रात्रीचा दिवस करायचा आणि पदवी हातात पडेपर्यंत त्या विषयातलं निम्मं बदललेलं, असं मी पाहिलंय. छोटे अभ्यासक्रम घ्या, ते कामात वापरा, लागला तर पुढचा घ्या. आधी गरज तपासा, मग विद्यापीठ.

जुनीखिडकी

@उलटतपासणी, संगणक किंवा विपणनासारख्या क्षेत्रांत तुमचं म्हणणं पटतं. पण धागालेखक प्रयोगशाळेत आहेत. जिथे परवाना किंवा नोंदणी लागते तिथे नेमणाऱ्याच्या मतावर काही ठरत नाही, परिषदेच्या नियमावर ठरतं.

आणि @फिरतीपाळी, म्हणूनच तुमचा पहिला फोन विद्यापीठाला नको, तुमच्या व्यवसायाची नोंदणी करणाऱ्या परिषदेला करा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी त्यांना चालते का, प्रात्यक्षिकं कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली व्हायला हवीत, हे लेखी घ्या. हात चालवायची कामं पडद्यावर शिकता येत नाहीत, त्यामुळे बऱ्याच देशांत आरोग्याशी संबंधित विषयांवर निर्बंध आहेत. भारतात यूजीसीने २०२५ मध्ये असे कित्येक विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी घातली. पदवी खरी, विद्यापीठ मान्यताप्राप्त, आणि तरी नोंदणी नाही, असं होऊ शकतं. ज्या खिडकीवर मी बसायचे तिथे रडणारी माणसं बहुतेक याच कारणाने यायची.

अशा वेळी व्यवस्थापनाच्या बाजूची पदवी, उदाहरणार्थ रुग्णालय प्रशासन किंवा गुणवत्ता नियंत्रण, हा मार्ग निघतो का बघा. पण वरच्या पदाच्या जाहिरातीत नेमकी कोणती पदवी लिहिली आहे ते शब्दन् शब्द वाचल्याशिवाय नाही. ‘संबंधित विषयातील पदवी’ यातला ‘संबंधित’ कोण ठरवतं, तेही विचारा.

उलटतपासणी

मान्य. परवान्याचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता.

पोतडी

जुन्या पदविकेबद्दल. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्यांची गल्लत करतात.

एक, आधी घेतलेल्या औपचारिक शिक्षणाचे क्रेडिट नव्या पदवीत धरणं. यात मुदतीची भानगड असते. भारतातल्या क्रेडिट बँकेत (विद्यार्थ्याने मिळवलेल्या क्रेडिटचं ऑनलाइन खातं) साठवलेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. इतर ठिकाणीही विज्ञान-तंत्रज्ञानाचे जुने विषय नाकारतात, आणि विषय खरोखरच बदललेला असतो त्यामुळे त्यांना फार दोष देता येत नाही. पण पदविकेच्या जोरावर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश देणारे कार्यक्रम असतात, तिथे ही मुदत लागू असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट, नोकरीत शिकलेल्याचं क्रेडिट मिळणं. ही कल्पना फ्रान्सने सगळ्यात पुढे नेली आहे. तिथे २००२ च्या कायद्याने अनुभवाच्या बळावर पूर्ण पदवीसुद्धा मिळवता येते. नुसतं ‘मी पंधरा वर्षं काम केलं’ म्हणून भागत नाही. भलंमोठं टिपण लिहायचं आणि परीक्षकांच्या मंडळासमोर बसून उत्तरं द्यायची. अमेरिकेत १९६७ पासून विषयाची परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय आहे, वर्गात बसायची गरज नाही. तिथल्याच १९९७ साली निघालेल्या वेस्टर्न गव्हर्नर्स विद्यापीठाने तर घड्याळच बाजूला ठेवलं. विषय येतो हे मूल्यमापनात दाखवलंत की पुढे, मग त्याला दोन आठवडे लागोत नाहीतर चार महिने. शुल्क सहा महिन्यांच्या सत्राचं ठरलेलं, विषय कितीही पूर्ण करा.

अनुभवाचं टिपण लिहायची वेळ आली तर एक सांगते. ‘माझ्याकडे नमुने हाताळण्याचा दीर्घ अनुभव आहे’ याला शून्य किंमत. ‘नमुन्यावरचं नाव आणि मागणीपत्रकावरचं नाव जुळत नव्हतं, तेव्हा मी तपासणी थांबवली, वॉर्डला कळवलं, नोंदवहीत अमुक नोंद केली, आणि पुढे ही चूक टाळायला पट्टी चिकटवायची पद्धत अशी बदलली’ याला किंमत. त्यात निर्णय आहे, कारण आहे आणि परिणाम आहे. पुराव्यासाठी कार्यपद्धतीची प्रत जोडा, रुग्णांची नावं काढून.

आणि हो, किती क्रेडिट धरणार याचं पत्र पैसे भरण्याआधी हातात हवं. ‘प्रवेश घ्या, मग बघू’ला नाही म्हणा.

तांबडीशाई

मी गृहपाठ तपासतो. वर कोणीतरी समासातल्या शेऱ्यांबद्दल लिहिलंय, त्याला माझ्याकडून +१.

नोकरी करणाऱ्यांच्या वह्यांत एक गोष्ट सतत दिसते. प्रश्न होता, कामाच्या ठिकाणी झालेल्या एखाद्या बदलाला लोकांनी विरोध का केला, याचं विश्लेषण करा. एका बाईंच्या उत्तराची पहिली चार पानं म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्या, जवळपास जशाच्या तशा, प्रत्येक व्याख्येखाली रेघ. पाचव्या पानावर, जागा उरली म्हणून लिहावं तसा, एक परिच्छेद: नवी हजेरी यंत्रणा आली तेव्हा सफाई कामगारांनी ती का टाळली. पाळी सुरू व्हायच्या आधी कपडे बदलायला लागणारा वेळ जुन्या वहीत धरला जायचा, नव्या यंत्रात धरला जात नव्हता. बस, एवढंच. अख्ख्या उत्तरातलं विश्लेषण त्या सहा ओळींत होतं आणि बाईंना ते उत्तराबाहेरचं वाटत होतं. मी चार पानांवर उभी रेघ मारली, परिच्छेदाला चौकट केली आणि लिहिलं, ‘इथून सुरू करा आणि व्याख्या याच्या पोटात घ्या.’

मोठ्या वयात शिकायला येणाऱ्यांना वाटतं की आपल्याला अभ्यासाची भाषा येत नाही. भाषा येते हळूहळू. मालमसाला मात्र तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून असतो, वीस वर्षांच्या मुलाकडे तो नसतो. आळशी कार्यक्रम ओळखायचा असेल तर मागच्या वर्षीचे गृहपाठाचे प्रश्न मागवा. सगळे प्रश्न ‘व्याख्या लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ असे असतील तर तिथे तुमच्या अनुभवाचं कोणाला काही पडलेलं नाही.

पुन्हाबाक

पन्नाशीनंतर पदवी पूर्ण केली आहे, म्हणून स्मरणशक्तीबद्दल लिहितो. ‘वाचलेलं लक्षात राहत नाही’ ही तक्रार सगळेच करतात आणि खापर वयावर फोडतात. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला होता, तेव्हा तो पस्तिशीचा होता. विसरणं सगळ्यांनाच लागू आहे. आपला खरा घोटाळा असा की आपण शाळेतल्यासारखं परत परत वाचत बसतो.

२००६ मधला रोडिगर आणि कार्पिके या दोघांचा प्रयोग बघा. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे. आपल्याला फसवतं ते हे पाच मिनिटांचं यश.

फिरत्या पाळ्यांत हे उलट सोयीचं पडतं. प्रकरण वाचायला सलग तास लागतात, आठवायला लागत नाहीत. कामावर जाताना पुस्तक न उघडता कालच्या प्रकरणातले मुद्दे मनात मांडायचे, अडलं तिथे कागदावर खूण, घरी आल्यावर तेवढंच उघडायचं. मी रंगीत पेनं पहिल्याच सत्रात मुलांना देऊन टाकली.

रात्रपाळीहून आल्यावर नवीन काही वाचायला घेऊ नका. तेव्हा फक्त यांत्रिक कामं: संदर्भांची यादी नीट लावणं, अर्ज भरणं, ध्वनिफिती उतरवून ठेवणं.

उशिराचीगाडी

पाळण्यातल्या बाळासकट पदव्युत्तर शिक्षण चालू आहे, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांत लिहिते.

अमेरिकेच्या शिक्षण सांख्यिकी केंद्राने ‘वेगळ्या वाटेने आलेला’ विद्यार्थी ओळखायच्या सात खुणा दिल्या आहेत: उशिरा प्रवेश, अर्धवेळ शिक्षण, पूर्णवेळ नोकरी, आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र, घरात अवलंबून असलेली माणसं, एकल पालकत्व, शालेय प्रमाणपत्र नसणं. माझ्यात पाच भरतात. प्रवेश कार्यालयातल्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, मॅडम, आमच्याकडे सगळ्यांत तीन-चार तरी भरतातच. मग वेगळ्या वाटेने येणारे नक्की कोण उरले?

कामाची गोष्ट: घरच्यांशी तासांचा करार आधीच करा. ‘मी अभ्यास करतेय’ हे घरात कोणाला दिसत नाही, कारण बाहेरून ते बसून राहण्यासारखंच दिसतं. आमच्याकडे फ्रिजवर आठवड्याचा कागद असतो आणि माझ्या रकान्यावर सासूबाईंचा पहारा. दुसरं, ऑनलाइन वर्ग ठरलेल्या वेळी हजर राहून करायचा आहे की रेकॉर्डिंग बघून चालतं, हे विचारा. ‘ऑनलाइन’ एवढ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. संध्याकाळी सातचा सक्तीचा वर्ग हा माझ्या दृष्टीने वर्गच, घरात असला तरी.

शाईचाडाग

कंपनी शुल्क भरायला तयार असेल तर? आमच्याकडे तशी योजना आहे म्हणतात.

उलटतपासणी

घ्या, पण करार वाचून. बहुतेक योजनांत शिक्षण संपल्यावर ठरावीक काळ नोकरीत राहायची अट असते, मधे सोडलंत तर पैसे परत. कंपनीनेच तुम्हाला काढलं तर काय, हे त्यात लिहिलेलं आहे का बघा. शुल्क आधी भरतात की निकालानंतर तुम्हाला परत देतात, त्यानेही खूप फरक पडतो. आणि पैशापेक्षा परीक्षेच्या काळातली रजा मागा. पैसे कुठूनही उभे राहतात. रजा वरिष्ठाच्या सहीशिवाय मिळत नाही, आणि वरिष्ठ बदलतो.

फिरतीपाळी

सगळ्यांचे आभार. आज परिषदेला पत्र टाकलं. विद्यापीठांची यादी दोनवर आली आहे, दोघांकडून परीक्षा-नियमावली आणि मागच्या वर्षीचे गृहपाठाचे प्रश्न मागवलेत. एकाने अर्ध्या तासात पाठवले. दुसऱ्याने विचारलं, ‘तुम्हाला कशाला हवेत?’

अजून एक शंका. दोन्हीकडे शेवटच्या वर्षी प्रकल्प आहे आणि तो स्वतःच्या कामाच्या ठिकाणी करता येतो असं लिहिलंय. प्रयोगशाळेतल्या नोंदी वापरल्या तर चालतात ना? रोज त्याच तर हाताळतो.

तांबडीशाई

रोज हाताळता ते कर्मचारी म्हणून. प्रकल्पासाठी त्याच नोंदी उघडायच्या तर तुम्ही संशोधक होता, आणि परवानगी वेगळी लागते: तुमच्या संस्थेची लेखी, शिवाय विद्यापीठाच्या किंवा रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीची. ती माहिती गोळा करायच्या आधी घ्यायची असते, आधीच गोळा केलेल्या माहितीवर मागाहून मंजुरी शक्यतो देत नाहीत. समितीच्या बैठका रोज होत नसतात, तेव्हा प्रकल्पाच्या आधीच्या सत्रातच अर्ज टाका.

विषय निवडताना रुग्णांच्या माहितीला हात लावायची गरज नाही असा निवडलात तर निम्मा त्रास वाचेल. यंत्रं बंद पडण्याच्या नोंदी किंवा नमुना येण्यापासून अहवाल जाईपर्यंत लागणारा वेळ, असं काहीतरी बघा.

पोतडी

अहवालाच्या वेळेचा विषय चांगला आहे. पण वेळ कुठून मोजायचा, नमुना घेतल्यापासून की प्रयोगशाळेत पोचल्यापासून, ते मार्गदर्शकाकडून आधी ठरवून घ्या. वॉर्ड आणि प्रयोगशाळा एकमेकांकडे बोट दाखवतात ते तिथेच.